खुब्याची हद्द

माणसाचं सारं चारित्र्य त्याच्या खुब्यात साठवलेलं असतं. मनातल्या गाठी, अहंकाराचा पीळ, पूर्वजन्मीचे हट्ट, सगळं मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी येऊन बसतं. ज्याला आपले दोन्ही पाय दोन दिशांना सरळ पसरून जमिनीला टेकवता येतात, तो यातून मोकळा झाला असं समजावं.

हा विचार माझा नाही. सांगलीत आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, दूध केंद्राशेजारी, विजेच्या दोन खांबांना बांधलेल्या फ्लेक्सवर तो छापला होता. मधोमध आचार्यांचा फोटो होता. पाय असे पसरलेले, की फ्लेक्सच्या दोऱ्यांनी तेच खांबांना बांधलेत की काय असं वाटावं. खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो. त्यांतल्या कुणालाही उभ्याने स्वतःचे पाय दिसत असतील अशी शक्यता कमी होती, पण फोटो गळ्यापर्यंतच होते.

यंदाही संक्रांत झाली. कडेगावहून बापू ओल्या हळदीची पिशवी घेऊन आले, शकूने लोणच्यासाठी ती किसायला घेतली आणि घरभर तो मातीचा, कोवळा, जरासा औषधी वास सुटला. शकू म्हणजे माझी बायको, आणि बापू तिचे थोरले भाऊ. फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले, आता ऊस आणि हळद करतात. शकूची बोटं पिवळी झाली आणि मला काही वर्षांपूर्वीचा तो हिवाळा आठवला. त्या हिवाळ्यात आमच्या घरातल्या तीन प्रौढ माणसांनी पाय किती फाकतात या प्रश्नावर विचार करण्यात संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा काळ घालवला.

थंडीचा तो एक विचित्र सुंदर तुकडा असतो. पहाटे कृष्णेवरून धुकं येतं आणि कॉलनीतल्या गाड्यांच्या काचांवर बसून राहतं. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या लांबून आधी गाण्यांनी कळतात, मग आवाजाने, मग रस्त्यावर पडलेल्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांनी. दुपारी गच्चीवर तीळ वाळत असतात. अशा दिवसांत माणसाने पांघरुणात पडून एखादं जाडजूड पुस्तक वाचावं हे माझं मत आहे. आमच्या कॉलनीचं मत वेगळं होतं. पहाटे सहाला सभागृहात आचार्यांचा वर्ग भरायचा.

आचार्य पूर्वी एका कचेरीत मोठे साहेब होते. निवृत्त झाल्यावर महिनाभर उत्तरेत जाऊन आले आणि येताना आचार्य होऊन आले. माणूस वाईट नव्हता. शिकवायचे मन लावून, पैसेही घेत नसत. शिवाय त्यांचं अंग खरोखरच कुणी उकडून काढल्यासारखं मऊ होतं. फक्त स्वतःला जे सहज येतं ते दुसऱ्याला येत नसेल तर तो दुसऱ्याच्या आत्म्याचा दोष, अशी त्यांची समजूत होती. ज्यांचा आवाज चांगला असतो त्यांचीही अशीच समजूत असते.

बापू त्या हिवाळ्यात आमच्याकडे राहायला होते. वहिनी नातवाला सांभाळायला पुण्याला गेल्या होत्या, ऊस कारखान्याला गेला होता, हळद निघायला अवकाश होता. घरात बसून ते बाल्कनीतल्या कुंड्यांची रांग सरळ करत. म्हणून मीच त्यांना वर्गाला नेलं.

पहिल्या दिवशी आचार्यांनी समकोणासन सांगितलं. उभ्याने हात पुढे टेकवून पाय दोन्हीकडे पसरायचे, पसरत खाली जायचं, शेवटी दोन्ही पायांची जमिनीवर एक सरळ रेघ झाली पाहिजे. बापूंचे पाय गंजलेलं कर्कटक जितकं उघडतं तितके उघडले आणि थांबले. आचार्य जवळ आले. त्यांनी ते कर्कटक बराच वेळ पाहिलं आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा शांत आवाजात म्हणाले, "सुभेदारसाहेब, शरीर कधीच अडत नाही. अहंकार अडतो. फौजेत ताठ राहायला शिकवतात ना, ते आता विसरायला हवं."

सभागृह हसलं. हसणाऱ्यांत बहुतेक असे होते, ज्यांना स्वतःच्या बुटाची नाडी बांधायला पायरी लागते.

बापू हसले नाहीत. उठून उभे राहिले आणि म्हणाले, "रथसप्तमीला टेकवतो. शब्द दिला."

रथसप्तमीला नदीकाठच्या मैदानावर सामुदायिक सूर्यनमस्कार व्हायचे, प्रमुख पाहुणे यायचे, आणि शेवटी ज्येष्ठ साधक समकोणासन दाखवायचे. आचार्यांनी तिथल्या तिथे बापूंची जागा पहिल्या रांगेत मधोमध ठरवून टाकली.

घरी येताना मी म्हणालो, "बापू, कशाला शब्द दिलात? साठीला आलात तुम्ही."

"दाजी," बापू म्हणाले, "रिटायर झाल्यापासनं मला कुनी काय सांगतंच न्हाई बगा. पोरगा म्हनतो बसा. सून म्हनती बसा. बँकेत गेलो तर मॅनेजर बी म्हनतो बसा. ह्यो एकच मानूस म्हनला, खाली जा."

ज्या माणसाने आयुष्यभर दिलेला शब्द आणि मिळालेला हुकूम यांत फरक केला नाही, त्याला विनाकामाचं ठेवणं ही काय शिक्षा असते, हे मी तोवर कधी बघितलंच नव्हतं. पण मला भीती वाटली ती त्याचीच. हा माणूस शब्दापायी स्वतःचं हाड मोडून घेईल आणि वर आचार्यांना सलाम करील.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या बैठकीच्या खोलीत सराव सुरू झाला. लसूण घालून कढवलेलं तिळाचं तेल, जुनी घोंगडी, टीव्ही आणि दिवाण यांच्या मधली जागा. बापूंचा एक पाय टीव्हीकडे, एक दिवाणाकडे. कपाळावर घाम. रस्त्यावरून ट्रॉली गेली की काचा थरथरायच्या आणि त्यांच्या मांड्याही.

मला माझी साताऱ्याची शाळा आठवायची. थंडीत मैदानावर उभं करून आमचे व्यायामाचे सर गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरायला सांगायचे. समोर अजिंक्यतारा धुक्यात अर्धा बुडालेला असायचा, त्यालाही कुणी काही सांगत नसे. माझे हात नडगीपर्यंत पोचायचे. सर म्हणायचे, "आलं लाकूड." मी वर्षभर लाकूड होतो. माझ्या शेजारचा मुलगा असा दुमडायचा की त्याचं कपाळ गुडघ्याला लागायचं, आणि सर त्याच्याकडे बोट दाखवून आम्हाला चारित्र्य, देशप्रेम आणि पालेभाज्या यांविषयी बोलायचे. तो मुलगा गृहपाठ माझ्या वहीतून उतरवायचा. त्या वयात मला युक्तिवाद सुचला नाही. आता सुचतो, पण सर राहिले नाहीत.

आणि आमची आई? ती आयुष्यात व्यायामाला म्हणून उठली नाही. पण उकिडवी बसून तासन् तास भाजी निवडायची, तशीच सरकत अंगण सारवायची, आणि उठताना हात टेकायची नाही. बापूंच्या रानात हळद भांगलायला, म्हणजे तण काढायला, येणाऱ्या बायका अजून तशाच बसतात. त्यांना कुणी साधक म्हणत नाही. त्यांच्यापुढे कुणी शाल धरून उभं राहत नाही. त्यांना उशीर झाला तर मुकादम ओरडतो, एवढंच. तान्हं मूल पायाचा अंगठा तोंडात घालतं, तेव्हाही आपण त्याला आचार्य म्हणत नाही. लाळ पुसतो.

एका सकाळी बापू असेच तळमळत असताना शकू स्वयंपाकघरातून आली. तिने थोडा वेळ पाहिलं.

"हे एवढं काय चाललंय?"

"तू जा आत," बापू म्हणाले. "लय अवघड असतंय ते."

शकूने पंजाबी ड्रेसचा दुपट्टा खुर्चीवर टाकला, भिंतीला हात लावला आणि पाय दोन्हीकडे सोडून दिले. सोडून दिले म्हणजे अक्षरशः. लोणी तव्यावर पसरावं तशी ती जमिनीपर्यंत गेली, तिथे दिवाणाखाली पडलेला चमचा तिला दिसला, तो तिने काढला, म्हणाली, "अहो, हा इथे आहे, आणि मी तीन दिवस शोधतेय," आणि उठून दूध बघायला गेली.

बापूंनी आपले पाय जवळ घेतले.

आचार्यांच्या सिद्धांताला इतका मोठा धक्का मी दुसरा पाहिलेला नाही. शकूशी माझा संसार तीस वर्षांहून अधिक झाला आहे. या काळात तिने एकाही वादात माघार घेतलेली नाही. दुकानदाराने एकदा फाटकी चादर दिली, तर ती बदलून मिळेपर्यंत ही बाई दुकानाच्या पायरीवर स्वेटर विणत बसली होती. सासरच्या एका लग्नात मानपानावरून कुणी काही बोललं, त्या घरचं पाणी ती अजून पीत नाही. तिच्या अहंकाराला खुब्यात जागा पुरली नसती. उलट आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. वॉर्डात ज्याची गाडी येईल त्याच्यापुढे ते कमरेतून वाकतात, मत विचारलं तर समोरच्याचं मत आधी विचारून घेतात. इतका अहंकारमुक्त माणूस सांगली जिल्ह्यात सापडणार नाही. त्यांचे पाय बापूंपेक्षाही कमी उघडत.

बापूंवर मात्र त्या सकाळचा उलटा परिणाम झाला. बहिणीला जमतं आणि मला नाही! त्यांनी जोर वाढवला. एक दिवस जांघेत कळ आली आणि ते जिना एकेक पायरी, कठडा धरून चढले. विचारलं तर म्हणाले, "कायच न्हाई." फौजी माणूस कायच न्हाई म्हणतो तेव्हा डॉक्टर गाठावा. मी त्यांना मिरजेला नेलं.

हाडांच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी एक्स-रे काचेवर लावला, पेन्सिलने दाखवलं. मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो, तो कमरेच्या हाडातल्या खळग्यात बसतो. कुणाचा खळगा उथळ असतो, कुणाचा खोल. कुणाचा पुढे वळलेला, कुणाचा बाजूला. गोळ्याखालची हाडाची मान कुणाची लांब, कुणाची आखूड. "बहुतेक लोकांना अडवतात ते स्नायू," बाई म्हणाल्या. "आणि मेंदू. पाय फार ताणला की फाटेल या भीतीने तो स्नायूंना घट्ट धरायला सांगतो. रोज हळूहळू सराव केला की भीती कमी होते, पाय आणखी उघडतो. पण तुमचं तसं नाही. तुमचा खळगा खोल आहे. एका मर्यादेनंतर हाडाची मान खळग्याच्या काठाला लागते. हाड हाडाला."

"मग सराव?" बापूंनी विचारलं.

"सरावाने हाड मागे सरकत नाही. तुम्ही रेटत राहिलात तर काठाभोवतीचं मऊ असतं ते चिरडेल."

"म्हंजी ह्यात माझी चूक न्हाई?"

बाईंनी प्रथमच वर पाहिलं. "चूक कसली? खोल खळग्यात गोळा घट्ट बसतो. तुम्ही इतकी वर्षं डोंगरात पाठीवर ओझं घेऊन चाललात ना? त्याने साथ दिली की नाही?"

घरी आल्यावर त्यांनी डब्यातून तिळाचा लाडू काढला, आमटीची वाटी आणि चहाची बशी मागवली आणि शकूला समोर बसवलं. लाडवात चमच्याचं टोक खुपसून तो वाटीत ठेवला आणि चमचा बाजूला कलता केला. चमचा वाटीच्या काठाला टक्कन लागला. मग लाडू बशीत ठेवला. चमचा थेट आडवा झाला.

"शके, तुझी बशी हाय, माझी वाटी," बापू म्हणाले. "अहंकार-फिहंकार काय न्हाई हितं."

"मग सांग त्या आचार्याला," शकू म्हणाली, आणि वाटीतला लाडू खाऊन टाकला.

मीही तेच म्हणालो. कळवून टाकू, डॉक्टरांनी मना केलंय, प्रश्न मिटला. बापूंनी मान हलवली. "आजारी पडलो म्हनून रजा टाकू व्हय? आजार न्हाईच हाय मला. शब्द दिलाय, जानार. किती खाली जायाचं ते माझं मी बगतो."

हेच शेवटचं वाक्य मला झोपू देईना. ते किती खाली जातील? समोर पाहुणे, माइकवर आचार्य, आणि शब्द. शकूने आपल्या पद्धतीने बंदोबस्त केला. "खुबा मोडून आलास," ती भावाला म्हणाली, "तर तुझ्या हळदीला मी हात लावनार न्हाई. इचार कर."

मला या लवचीकपणाच्या उपदेशाचा राग का येतो, ते एकदा लिहून टाकतो. हा उपदेश मी नेहमी खुर्चीतून सतरंजीकडे जाताना पाहिला आहे. सतरंजीवरून खुर्चीकडे तो जात नाही. अंग मोकळं असावं, रोज ताणावं, म्हातारपणी पडू नये म्हणून तोल सांभाळावा, हे सगळं मला मान्य आहे. पण ज्याच्या अंगात जे नाही, ते नसण्याला पाप म्हणायचं, आणि ज्याच्या अंगात ते फुकट आलं, त्याने त्याला तप म्हणायचं, हे मला मान्य नाही. उंच माणूस आपल्या उंचीवर प्रवचन देत नाही. अजून तरी.

रथसप्तमी उजाडली. मैदानावर दव होतं, सतरंज्या ओलसर लागत होत्या. सूर्य वेळेवर आला. प्रमुख पाहुणे यायचे होते, म्हणून सूर्याला नमस्कार करायचं थांबवलं होतं. बऱ्याच वेळाने गाडी आली, फेटा बांधला गेला, नारळ दिला गेला, आणि तोवर चांगला वर चढलेल्या सूर्याला नमस्कार सुरू झाले. पाहुण्यांसाठी खाली पांढरी गादी घातली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची मागवली.

मग आचार्य माइकवर म्हणाले, "आता ज्येष्ठ साधक समकोणासन सादर करतील. यांत आपले सुभेदारसाहेबही आहेत, ज्यांनी आपल्या ताठपणावर विजय मिळवण्याचा संकल्प केला आहे."

पहिल्या रांगेत सगळे खाली जाऊ लागले. कुणी गुडघे वाकवून, कुणी कुशीवर कलंडून, कुणी शेजाऱ्याच्या खांद्याला धरून टेकले. बापू मधोमध. हात पुढे जमिनीवर, पाय दोन्हीकडे, मान सरळ. ते त्यांच्या कर्कटकाच्या मापापर्यंत गेले आणि थांबले. मांड्या आणि जमीन यांच्यामधून पलीकडचं गवत स्वच्छ दिसत होतं. शकूने माझा दंड धरला होता.

"सुभेदारसाहेब, थोडं आणखी," माइक म्हणाला. "सोडा. मन सोडा."

बापू हलले नाहीत.

आचार्य हातात माइक घेऊन त्यांच्याजवळ आले, हसून पाहुण्यांकडे पाहिलं आणि दुसरा हात बापूंच्या खांद्यावर ठेवून खाली दाबणार, तोच माइकमधून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं:

"हात काडा."

आचार्यांनी हात काढला. इतक्या पटकन मी त्यांना काही करताना पाहिलं नव्हतं.

"आचार्य," बापू तसेच पुढे बघत म्हणाले, "माझी हद्द हितंच हाय. फुडं हाड हाय. म्या डॉक्टरला दावून आलोय. टेकवतो म्हनलो हुतो, ते चुकीचं बोललो. ते मागं घेतो. पर पोझिशन सोडनार न्हाई. तुमी इश्राम म्हना, मग उठतो."

"अहो, पण आसन पूर्ण..."

"माझं पूर्न झालं. इश्राम म्हना."

आचार्य म्हणेनात. म्हणजे पूर्ण न झालेलं आसन पूर्ण झालं असं मान्य करायचं, तेही पाहुण्यांसमोर. रांगेतले बाकीचे एकेक करून उठले, कपडे झाडू लागले. बापू तिथेच. घाम नाकावरून ओघळून खाली पडत होता, चेहरा मात्र कडेगावच्या वेशीसारखा. मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, "अवो, म्हना की इश्राम! मानूस थांबलाय न्हवं!" मग दुसरं कुणी. मग अध्यक्षसुद्धा, आधी पाहुण्यांकडे बघून, हळूच म्हणाले, "म्हणा, आचार्य."

"विश्राम," आचार्य म्हणाले.

बापू उठले, पाय झटकले, टाचा जुळवल्या आणि आचार्यांना कडक सॅल्यूट ठोकला. नंतर पाहुण्यांचं लवचीकतेवर भाषण झालं. ते आम्ही ऐकलं नाही. घरी जाऊन शकूने अंगणात गोवरीवर दूध ठेवलं, रथसप्तमीला ते ओतू जाताना बघायचं असतं. बापूंनी स्टूल घेतलं आणि दूध कुठल्या दिशेला सांडतंय ते बघत बसले. त्या दिवशी त्यांनी कुंड्यांना हात लावला नाही.

हे सगळं ओल्या हळदीच्या वासाने आठवलं. यंदा कोपऱ्यावर फ्लेक्स नाही, खांब मोकळे आहेत. दिवाळीनंतर मिरजेला आचार्यांचा डावा खुबा बदलावा लागला. कशाने झिजला विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाने झिजतो. बापू आल्या दिवशीच पिशवीतली थोडी हळद घेऊन त्यांना भेटायला गेले आणि तेव्हापासून आमच्याकडेच राहिलेत. रोज सकाळी आचार्य वॉकर घेऊन कॉलनीच्या रस्त्यावर फेऱ्या मारतात. बापू शेजारून चालतात. थांबावंसं वाटलं की आचार्य त्यांच्याकडे बघतात, आणि बापू विश्राम म्हणतात, बहुतेक वेळा लगेच.

नवा खुबा धातूचा आहे. जुना हॉस्पिटलने परत दिला नाही.